एसएमपीएसचा आवाज : कोणता चालेल, कोणता चालणार नाही

संगणकाच्या पॉवर सप्लायमधून, म्हणजे दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळे ज्याला एसएमपीएस म्हणतात त्या पत्र्याच्या पेटीतून, येणाऱ्या वेगवेगळ्या आवाजांविषयी वाचकांनी विचारणा केली आहे. शिट्टी, घरघर, टिकटिक, चटचट आणि एका पत्रात तर चक्क स्फोट, असे हे आवाज आहेत. ते कानाला सारखेच त्रासदायक वाटले तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत आणि म्हणून उत्तरेही निरनिराळी आहेत. या अंकात ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून दिवाळीच्या सुमारास नवीन संगणक असेंबल करून घेतला. एरवी तो शांत असतो; पण गेम सुरू केला की कॅबिनेटमधून बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो. गेमच्या सुरुवातीच्या मेन्यूवर तो सर्वांत मोठा असतो, प्रत्यक्ष खेळताना कमी होतो. माझ्या वडिलांना तो ऐकूच येत नाही. दुकानदार म्हणतो, "सगळ्यांचाच येतो, बिनधास्त वापरा." एसएमपीएस खराब निघाला आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा कॉईलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, आवाज दिसतो आणि त्यापासून आपल्या संगणकाला धोका नाही. दुकानदाराचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र त्याने कारणही सांगायला हवे होते, कारण नव्या वस्तूतून न समजणारा आवाज येत असताना "बिनधास्त वापरा" एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही.

एसएमपीएस घरातील २३० व्होल्टचा एसी प्रवाह आधी डीसी करतो, मग त्या डीसीला सेकंदाला काही दहा हजार ते लाखाहून अधिक वेळा तोडतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून व कॉईलमधून नेऊन त्याचे १२ व्होल्ट बनवतो. कॉईलमधला प्रवाह वाढतो-कमी होतो तसे तिचे वेढे एकमेकांना ओढतात आणि ज्या गाभ्यावर ते गुंडाळलेले असतात तो गाभाही चुंबकीय परिणामाने अगदी किंचित आखडतो आणि पसरतो. म्हणजे प्रत्येक एसएमपीएसची प्रत्येक कॉईल सतत थरथरत असते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि एसएमपीएसचा मूळ वेग याच्या वर असल्याने एरवी आपल्याला काही जाणवत नाही.

गेम सुरू झाला की चित्र बदलते. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, तयार करताना प्रवाहाचा एक झटका घेते. मेन्यूवरचे दृश्य साधे असते, त्यामुळे कार्ड सेकंदाला शेकडो, प्रसंगी हजाराहूनही अधिक फ्रेम काढत सुटते आणि प्रवाहाचे हे झटके थेट आपल्या श्रवणाच्या टप्प्यात येऊन बसतात. प्रत्यक्ष खेळताना दृश्य अवघड होते, फ्रेम कमी होतात आणि शिट्टी खाली येते. आपण नोंदवलेला हाच फरक या निदानाचा सर्वांत भक्कम आधार आहे. खात्री करण्यासाठी गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) सुरू करा किंवा फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. आवाज लगेच पडला तर निदानही झाले आणि उपायही झाला.

वडिलांना आवाज ऐकू येत नाही याचे कारण त्यांचे दुर्लक्ष नव्हे. वय वाढते तशी अतिउंच स्वर ऐकण्याची क्षमता प्रत्येकाचीच कमी होत जाते, म्हणून अशा शिट्टीचा त्रास घरातील तरुणांना आणि मुलांना जास्त होतो. मुलाची तक्रार वडिलांना, आणि विद्यार्थ्याची तक्रार पन्नाशीच्या दुकानदाराला खोटी वाटते, ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा, कारण अशा प्रकरणात पुष्कळदा एसएमपीएसवर नाहक आळ येतो. ग्राफिक्स कार्डावरही तशाच कॉईल असतात आणि शिट्टी बहुधा तिथूनच येते. जाड कागदाची लांब नळी करून तिचे एक टोक कानाशी धरा, दुसरे टोक आधी एसएमपीएसच्या मागच्या जाळीजवळ न्या आणि मग कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून कार्डाजवळ न्या. नळी कुठेही आत घालू नका, पंख्याला लागू देऊ नका. आवाज नेमका कुठला आहे हे दोन मिनिटांत कळते. कॉईलवर फेव्हिक्विक किंवा गरम गोंद ओतण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. ते करू नका. त्याने वॉरंटी हमखास जाते आणि उष्णता बाहेर पडण्याची वाटही बुजते. अनेक कंपन्या कॉईलच्या आवाजाला दोष मानत नाहीत, परंतु त्याच मॉडेलचा दुसरा नग शांत असू शकतो, कारण कॉईल वॉर्निशने किती घट्ट बसली आहे यावर बरेच अवलंबून असते. म्हणून बदलून देण्याची मुदत शिल्लक असेल तर दुकानदाराला विचारण्यात गैर काही नाही.

संगणक बंद असताना, भिंतीवरचे बटण मात्र चालू असताना, एसएमपीएसजवळ कान नेल्यास येणारी अतिशय बारीक किरकिरही याच जातीची आहे. त्या वेळी फक्त ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग जागा असतो आणि भार अगदी कमी असल्याने तो सलग न चालता थांबून थांबून चालतो. मात्र आपली शिट्टी गेम बंद असतानाही येऊ लागली, महिन्या-दोन महिन्यांत वाढत गेली किंवा खेळता खेळता संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला, तर वरील दिलासा लागू राहणार नाही. तेव्हा एसएमपीएस तपासून घ्या.

प्रश्न : माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे सेवा केंद्र आहे. संगणक सहा-सात वर्षांचा आहे. सकाळी चालू केला की एसएमपीएसमधून दहा मिनिटे घरघर होते आणि नंतर आपोआप थांबते. पावसाळ्यापासून अधूनमधून "चट् चट्" असाही आवाज येतो आणि कधीकधी उग्र वास जाणवतो. भाचा म्हणतो, एसएमपीएस उघडून पंख्यात शिलाई मशीनचे तेल घालू, ठीक होईल. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रात दोन आवाज आहेत आणि त्यांतला दुसरा महत्त्वाचा आहे. "चट् चट्" आणि उग्र वास हे दोन्ही एकत्र येत असतील तर कृपा करून हे उत्तर वाचून होताच संगणक बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करा आणि केबल काढून ठेवा. बाकीचे सावकाश बोलू.

हा आवाज ठिणगीचा असण्याची दाट शक्यता आहे. एसएमपीएसच्या आत मुख्य कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे ३२५ व्होल्ट आणि नव्या प्रकारच्या, ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून प्रवाह सुरळीत ओढणारे सर्किट) असलेल्या, एसएमपीएसमध्ये ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतात. सर्किट बोर्डावर साचलेली धूळ कोरडी असते तोवर फार बिघडत नाही. किनाऱ्यावरच्या हवेतला खारटपणा आणि पावसाळी दमटपणा त्या धुळीत मुरला की तीच धूळ वीज वाहून नेऊ लागते, दोन बिंदूंमध्ये बारीक ठिणगी उडते, तिने बोर्डाचा तेवढा भाग करपतो, करपलेला भाग आणखी सहज वीज वाहून नेतो आणि पुढची ठिणगी पहिलीपेक्षा मोठी होते. हा बिघाड आपण होऊन बरा होत नाही, फक्त वाढतो. एखाद्या दिवशी ऊन पडल्यावर आवाज थांबला तर तो बरा झाला असे समजू नका. कोकणात आणखी एक कारण दुरुस्तीवाले नेहमी सांगतात, ते म्हणजे उबेसाठी मागच्या फटीतून आत शिरलेली पाल. ती जिवंत भागावर चिकटून मेली की वास आणि चटचट दोन्ही सुरू होतात.

ठिणगी एसएमपीएसच्या बाहेरही असू शकते, आणि ते आपल्याला स्वतः पाहता येईल. केबल काढल्यावर तिचे एसएमपीएसमध्ये जाणारे टोक आणि भिंतीतल्या प्लगच्या तिन्ही पिना नीट निरखून पाहा. पिनेवर काळा किंवा तपकिरी डाग असेल, प्लास्टिक किंचित वितळून फुगले असेल किंवा सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट वर्तुळ उमटले असेल, तर दोष सैल जोडणीत आहे. सेवा केंद्रात एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर संगणक, प्रिंटर, लॅमिनेशन मशीन आणि मोबाईलचा चार्जर असे सगळे जोडलेले असते. त्यात लॅमिनेशन मशीन तापण्यासाठी बराच प्रवाह ओढते. सहा आणि सोळा अँपिअरची भोके एकत्र असलेल्या सॉकेटमध्ये सहा अँपिअरचा प्लग पुष्कळदा हलता राहतो, हेही पाहा. अशा वेळी नवी केबल आणि वायरमनकडून बदलून घेतलेला सॉकेट एवढ्या खर्चात काम भागते. बाहेर कुठेही डाग नसेल, तर ठिणगी आत आहे असे समजून एसएमपीएस बदला. सहा-सात वर्षे खाऱ्या हवेत काढलेला एसएमपीएस दुरुस्त करून घेण्यात अर्थ नाही.

आता सकाळच्या घरघरीकडे वळू. ती पंख्याची आहे. स्वस्त पंख्यांत साधे बुश असलेले बेअरिंग असते आणि त्यातला दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने तेल आटते, जे उरते ते चिकट होते आणि त्यात धूळ बसते. थंड असताना पंखा म्हणूनच घरघरतो, आतून गरम झाल्यावर ते तेल थोडे पातळ होते आणि आवाज थांबतो. ही दहा मिनिटे हळूहळू वीस होतील, मग घरघर दिवसभर चालेल आणि शेवटी पंखा अडकेल. पंखा अडकण्यात खरा तोटा आहे, कारण एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचे आयुष्य तापमानावर ठरते : तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की त्यांचे आयुष्य अंदाजे निम्मे होते. पंखा मंदावलेला एसएमपीएस त्या दिवशी बंद पडत नाही, पण पुढचे आयुष्य त्याच दिवसापासून झपाट्याने घटू लागते.

तेलाविषयी आपल्या भाच्याचा विचार तत्त्वतः चुकीचा नाही, आणि मुलाला दुरुस्तीची हौस आहे याचे कौतुकच आहे. मात्र त्यासाठी एसएमपीएस उघडावा लागतो, आणि तो घरी उघडू नये. केबल काढल्यावरही मुख्य कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहू शकतो. तो आपोआप उतरावा म्हणून बहुतेक एसएमपीएसमध्ये रेझिस्टर बसवलेले असतात. पण बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये तोच रेझिस्टर जळालेला असू शकतो, आणि उघडणाऱ्याला ते बाहेरून कळत नाही. तीन-चारशे व्होल्टच्या डीसीचा धक्का जिवावर बेतू शकतो. भाच्याला कॅबिनेटचे पंखे साफ करायला द्या, रॅम काढून बसवायला शिकवा. ही एक पेटी मात्र त्याच्यापासून दूर ठेवा.

नवा एसएमपीएस बसवल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी बाहेरून ब्लोअर मारा. त्या वेळी केबल काढलेली असावी आणि जाळीतून प्लास्टिकची काडी घालून पंख्याचे पाते धरून ठेवावे. ब्लोअरच्या झोताने पंखा भन्नाट फिरवण्यात मजा वाटते, पण त्याने बेअरिंग झिजते आणि उलटा फिरणारा पंखा स्वतः वीज तयार करून सर्किटमध्ये पाठवू शकतो.

प्रश्न : नवीन एसएमपीएस बसवल्यापासून संगणक चालू करताना आणि बंद करताना एकदा "टक्" असा स्पष्ट आवाज येतो. हे काही बिघाडाचे लक्षण आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. तो रिलेचा, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या स्विचचा, आवाज आहे. संगणक चालू होताना रिकामा मुख्य कॅपॅसिटर क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. तो आवरण्यासाठी वाटेत एक थर्मिस्टर (थंड असताना प्रवाह अडवणारा भाग) असतो आणि कॅपॅसिटर भरल्यावर रिले त्या थर्मिस्टरला बाजूला काढतो. चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसमध्येच ही सोय असते.

"टक्" एकदाच येत असेल तर निश्चिंत राहा. संगणक चालू न होता सेकंदा-सेकंदाला "टिक, टिक, टिक" असा ठरावीक लयीचा आवाज येत राहिला तर ते वेगळे प्रकरण आहे : एसएमपीएस सुरू होऊ पाहतो, पुढे कुठेतरी शॉर्ट आढळतो, स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तेव्हा भिंतीवरचे बटण बंद करून हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि पुढच्या बाजूच्या यूएसबीच्या वायर एकेक काढून पाहाव्यात. एखादी वस्तू काढल्यावर टिकटिक थांबली तर दोष त्या वस्तूत आहे. सगळे काढूनही ती थांबली नाही तर दोष एसएमपीएसमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये आहे. संगणक चालू असताना येणारी टिकटिक मात्र अनेकदा जुन्या हार्ड डिस्कची असते. वर सांगितलेली कागदाची नळी इथेही उपयोगी पडते. आवाज डिस्कचा निघाला तर आधी फोटो, हिशेब आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या, एसएमपीएसचा विचार नंतर करा.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते. लाईट असताना संगणक शांत असतो, पण घरातील इन्व्हर्टरवर गेला की एसएमपीएसमधून जोरात गुणगुण ऐकू येते, आणि काही वेळा लाईट जाताच संगणक रीस्टार्ट होतो. एसएमपीएस बदलला, तरी तेच.
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : एसएमपीएस बदलण्याचा खर्च आपल्याला टाळता आला असता याचे वाईट वाटते, कारण आवाज एसएमपीएसमधून येत असला तरी मूळ इन्व्हर्टरमध्ये आहे.

वीज मंडळाचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मऊ लाटेसारखा वर-खाली होतो. स्वस्त इन्व्हर्टर अशी लाट तयार करत नाही. तो प्रवाह एकदम वर नेतो, तिथे थोपवतो आणि एकदम खाली आणतो. याला स्क्वेअर वेव्ह म्हणतात. एसएमपीएसच्या प्रवेशापाशी असलेली कॉईल आणि कॅपॅसिटर यांना या प्रत्येक उभ्या कडेवर झटका बसतो. एका आवर्तनात अशा दोन कडा येतात, म्हणून सेकंदाला शंभर झटके बसतात आणि ते आपल्याला गुणगुण म्हणून ऐकू येतात. बल्ब आणि पंखा यांचे त्याने फार बिघडत नाही, जरी पंखाही इन्व्हर्टरवर गुणगुणतो हे आपण ऐकले असेलच. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला मात्र हा प्रवाह मानवत नाही. काही एसएमपीएस त्यावर नुसते तापतात, काही सरळ बंद पडतात.

रीस्टार्ट होण्याचे कारण आणखी वेगळे आहे. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या फटीत संगणकाला एसएमपीएसमधल्या कॅपॅसिटरच्या साठ्यावर तग धरावा लागतो. एटीएक्स या संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या मानकाप्रमाणे हा साठा सुमारे १६ मिलिसेकंद पुरायला हवा. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये यापेक्षा बराच जास्त वेळ घेऊ शकतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असे एक छोटे बटण असते. ते यूपीएसकडे आहे का हे आज संध्याकाळीच पाहा. त्यासाठी एक पैसाही लागत नाही आणि कदाचित तेवढ्यानेच रीस्टार्ट होणे थांबेल. गुणगुण थांबवायची तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा यूपीएस घ्यावा लागेल. यूपीएस घेताना डब्यावरचा व्हीएचा आकडा वॅट समजू नका : ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो अपुरा पडेल.

नवा साइन वेव्ह इन्व्हर्टर येईपर्यंत गुणगुणीवर संगणक चालवावा का, असे आपण पुढे विचाराल. अर्ज सादर करण्यापुरती, फाईल जतन करण्यापुरती दहा मिनिटे चालवायला हरकत नाही. रोज चार-चार तास तसाच चालवू नका.

प्रश्न : आमच्या शाळेला एका संस्थेकडून वापरलेले संगणक भेट मिळाले. जोडणी करताना एका संगणकाचे बटण दाबताच बंदुकीसारखा आवाज झाला, एसएमपीएसमधून धूर आला आणि वर्गात कुजक्या माशांसारखा वास पसरला. मुले घाबरली. बाकीचे संगणक लावण्याची आता हिंमत होत नाही.
— एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : सर, कोणाला इजा झाली नाही हे सर्वांत महत्त्वाचे. बाकीचे संगणक लावण्यापूर्वी पुढची एक गोष्ट पाहा.

जुन्या एसएमपीएसच्या मागच्या बाजूला, केबल लावतो त्या जागेजवळ, एक लहान लाल सरकते बटण असते. त्यावर २३० किंवा ११५ असा आकडा दिसतो. काही देशांत घरातील वीज ११० ते १२० व्होल्टची असते आणि तिथे वापरण्यासाठी ते बटण ११५ वर सरकवतात. ११५ वर असताना आतले सर्किट येणारा दाब दुप्पट करून घेते. आपल्या २३० व्होल्टला ते जोडले की प्रत्येकी सुमारे २०० व्होल्ट सहन करणाऱ्या दोन कॅपॅसिटरवर प्रत्येकी सव्वातीनशे व्होल्ट येतात आणि ते बटण दाबल्या क्षणी फुटतात. मुलांनी कुतूहलाने, किंवा वाहतुकीत कशाच्या तरी धक्क्याने, हे बटण सरकले असण्याची शक्यता मोठी आहे. वास कॅपॅसिटरमधल्या द्रवाचा आहे.

म्हणून आधी सर्व संगणकांच्या केबल काढलेल्या असताना प्रत्येकाचे ते बटण २३० वर आहे याची खात्री करा आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाका. नव्या एसएमपीएसमध्ये हे बटण नसते. तिथे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते आणि चिंतेचे कारण नाही. फुटलेल्या संगणकाचे बटण २३० वरच आढळले, तर मात्र संशय शाळेच्या वायरिंगवर घ्यावा लागेल. न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली तर एका खोलीला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिळू शकतो आणि मग एकामागून एक वस्तू जळतात. अशा स्थितीत परवानाधारक वायरमनने मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंग तपासल्याशिवाय प्रयोगशाळेतले काहीही लावू नका.

फुटलेला एसएमपीएस काढून टाका, त्या वर्गाच्या खिडक्या उघडून वास जाऊ द्या. त्याच संगणकाचा मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बहुधा शाबूत असतात, कारण स्फोट ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या, म्हणजे भिंतीतून वीज येते त्या, बाजूला झालेला असतो. दुसरा एसएमपीएस लावून पाहा. संगणक चालू झाला तर तो मुलांना बिनघोर वापरू द्या. बाकीच्या संगणकांची पहिली सुरुवात मुले वर्गात नसताना, एकेक करून आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या बटणाशी एक माणूस उभा करून करा.

प्रश्न : माझा संगणक व्हिडिओ एडिटिंग करताना अचानक रीस्टार्ट होतो. दुकानात नेला तर त्यांनी तो चालू करून ऐकला आणि सांगितले, "एसएमपीएसचा काही आवाज नाही, म्हणजे तो चांगला आहे; विंडोज नव्याने टाका." तीन वेळा विंडोज टाकली. उपयोग नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आवाज नसणे हा एसएमपीएस चांगला असल्याचा पुरावा होत नाही. वरच्या पत्रांतील बहुतेक आवाज पंखा, कॉईल किंवा ठिणगी यांचे आहेत. एसएमपीएस कमकुवत होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे सुकत चाललेले कॅपॅसिटर, आणि सुकताना ते कसलाही आवाज करत नाहीत. दोन हजारच्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये गेले होते; त्या काळातले अनेक संगणक डोके फुगलेल्या कॅपॅसिटरमुळे, अगदी मुकाट्याने, बंद पडले.

रिकामा संगणक शांतपणे चालतो आणि एडिटिंगचा भार येताच कोसळतो, हे लक्षण एसएमपीएसकडे किंवा प्रोसेसरच्या तापण्याकडे बोट दाखवते, विंडोजकडे नाही. आधी प्रोसेसरचे तापमान पाहा आणि त्यावरचा पंखा धुळीने भरला असेल तर साफ करून घ्या. तापमान ठीक असेल तर एसएमपीएसचे व्होल्ट मोजायला सांगा, पण ते संगणक रिकामा असताना मोजण्यात अर्थ नाही. एडिटिंगचे जड काम चालू ठेवून, मोकळ्या चार पिनांच्या जोडणीवर, काळी आणि पिवळी तार यांच्यामध्ये मल्टिमीटर धरायचा. काटा ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. काळी आणि लाल यांच्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत. हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, कारण मल्टिमीटरचे टोक चुकून दोन तारांना एकदम लागले तर शॉर्ट होतो. स्क्रीनवर व्होल्ट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नका; त्यांचे आकडे पुष्कळदा चुकतात.

आकडे मर्यादेत आले तरी प्रश्न संपत नाही, कारण १२ व्होल्टवर राहिलेली बारीक लाट साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. मानकाप्रमाणे ती १२० मिलिव्होल्टच्या आत हवी आणि ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, जो सहसा दुकानात नसतो. म्हणून अशा प्रकरणात सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे ओळखीच्या एखाद्याकडून पुरेशा वॅटचा, चांगला चालणारा एसएमपीएस एका दिवसासाठी मागून आणणे आणि तोच व्हिडिओ पुन्हा रेंडर करणे. आणताना त्याच्या केबलही सोबत आणा : मॉड्युलर, म्हणजे केबल वेगळ्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या एका कंपनीच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतात, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि तशा केबल लावल्याने चांगल्या हार्ड डिस्क जळालेल्या आहेत.